गोळी सोडण्यापूर्वी

रक्ततपासणीच्या कागदावर कोलेस्टेरॉलचा आकडा ठळक छापलेला दिसला की नाशिकच्या सुशिक्षित घरांत दोन पक्ष पडतात. एकाला स्टॅटिनची गोळी आजच सुरू व्हावयास हवी असते. दुसरा, सकाळी गोदाकाठी फिरावयास येणाऱ्या मंडळींच्या साक्षीवर विसंबून, चालू असलेली गोळीही बंद करावयास लावतो. दोघेही उतावळेच, परंतु दुसरा अधिक घातक, असे आमचे स्पष्ट मत आहे.

या वर्गातील पहिले द्रव्य जपानी संशोधक अकिरा एंडो यांना १९७३ साली एका बुरशीत सापडले. यकृतात कोलेस्टेरॉल तयार होण्याची क्रियाच ते मंदावते. पुढे १९९४ साली स्कँडिनेव्हियातील ४,४४४ हृदयरुग्णांवरील चाचणीचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. सुमारे साडेपाच वर्षांत औषधविरहित गोळी घेणाऱ्या दर १०० रुग्णांपैकी ११-१२ दगावले. औषध घेणाऱ्यांपैकी ८. शेकड्यामागे तीन जीव! ज्याला झटका येऊन गेला आहे, त्याने शेजाऱ्याच्या सांगण्यावरून हे संरक्षण फेकून द्यावे, याला अविचाराखेरीज दुसरे नाव नाही.

भीती सर्वस्वी निराधार नाही. याच वर्गातील सेरिव्हास्टॅटिन स्नायूंचा नाश करणाऱ्या विकारामुळे २००१ साली मागे घ्यावे लागले. आजच्या स्टॅटिनांत तो विकार अतिशय विरळा आहे. मधुमेहाच्या उंबरठ्यावरील माणसाची साखर मात्र किंचित वाढू शकते, आणि असे लोक आपल्याकडे थोडे नाहीत. राहिली अंगदुखी. त्रासामुळे गोळी सोडलेल्या ६० जणांवर लंडनमध्ये झालेल्या चाचणीत, २०२० साली, त्या त्रासाचा सुमारे ९० टक्के भाग औषधविरहित गोळीनेही होत असल्याचे दिसले.

ज्याला मधुमेह नाही, रक्तदाब नाही, तंबाखूचे व्यसन नाही, घराण्यात हृदयविकार नाही आणि ज्याचा एलडीएलचा आकडा थोडाच वाढला आहे, त्याची गोष्ट वेगळी. त्याचा मूळ धोकाच लहान, म्हणून गोळीचा लाभही लहान. त्याने प्रथम चालणे आणि आहार यांकडे पाहावे. (मिसळीवरील तर्रीचा विषय आम्ही येथे काढीत नाही, नाशिककरांशी वैर कोण पत्करील?)

परंतु आपण कोणत्या गटात मोडतो, हे रुग्णाने ओळखावे कसे? चिठ्ठीवर औषधाचे नाव लिहून पुढच्याला आत बोलावणाऱ्या डॉक्टरांनी ते सांगावयास हवे: शंभरांत किती वाचतील, किती जणांना त्रास होईल, आणि तेही मराठीत. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ पासून याच शहरात आहे. भावी डॉक्टरांच्या परीक्षेत एवढी पाच मिनिटांची समजूत घालून दाखविण्यास त्याने गुण ठेवावेत, ही आमची मागणी आहे.