एवढी संपत्ती म्हणजे किती?

‘नऊ लक्ष साठ हजार कोटी रुपये’ हे शब्द उच्चारण्यास सोपे आहेत. त्यांचा अर्थ मनात उतरणे मात्र कठीण. 2024 साली फोर्ब्स नियतकालिकाने उद्योगपती मुकेश अंबानी यांची संपत्ती 116 अब्ज डॉलर सांगितली. तिचे रुपये जवळजवळ तेवढे होतात. दर सेकंदास एक रुपया याप्रमाणे कोणी रात्रंदिवस मोजू लागला, तर त्याला तीन लक्ष वर्षेही पुरणार नाहीत.

पण अशा मोजणीने नुसते आश्चर्य वाटते. मला शाळेतील दुपारच्या भोजनाचा हिशेब अधिक बोलका वाटतो. या भोजनासाठी केंद्र सरकारने 2024-25 च्या अंदाजपत्रकात सुमारे 12,467 कोटी रुपये ठेवले होते. म्हणजे अशी 77 वर्षांची तरतूद त्या एका संपत्तीत सामावते!

कोणी म्हणेल, ‘ही संपत्ती तिजोरीतील रोकड नव्हे, ते कंपन्यांचे समभाग आहेत, आणि भोजनाचा खर्च तर दरवर्षीचा.’ आक्षेप खरा आहे. विहिरीतील पाणी आणि पाटाने वाहणारे पाणी एकाच मापाने मोजू नये. शिवाय भोजनखर्चाचा काही भार राज्येही उचलतात. तरीही ‘देशात पैसा कोठे आहे?’ असे कोणी म्हणू लागला, की हा हिशेब पुढे ठेवावा, असे माझे मत आहे.

डिसेंबर 2024 मध्ये सहावी ते आठवीच्या मुलामागे डाळ, भाजी, तेल इत्यादींचा रोजचा दर 8 रुपये 17 पैशांवरून 9 रुपये 29 पैसे झाला. सुमारे बारा कोटी मुलांसाठी, वर्षाचे दोनशे दिवस धरून, तो आणखी एका रुपयाने वाढवायचा, तर 2,400 कोटी लागतील. त्या संपत्तीचा चारशेवा भाग. एका रुपयाने ताटात काय वाढेल, हे तुमच्या शाळेत स्वयंपाक करणाऱ्या मावशींना विचारून पाहा.