वीजबिले हाताने टाइप करू नका

ज्यांच्याकडे एकाहून अधिक वीजमीटर आहेत अशा सोसायट्यांचे सचिव, शिक्षणसंस्थांचे लेखनिक आणि ग्रामपंचायतींचे लिपिक यांना ही कळकळीची विनंती आहे. जिना, लिफ्ट, पाण्याचा पंप, पथदिवे अशी वेगवेगळी कनेक्शने असली की दर महिन्याला कोणीतरी एकेक बिल समोर ठेवून आकडे संगणकात भरत बसते. महावितरणचा ग्राहक क्रमांक १२ आकडी असतो. तो टाइप करताना एक आकडा चुकला की पंपाचा खर्च लिफ्टच्या खात्यात जातो आणि वर्षअखेरीला ऑडिटर विचारतो तेव्हा कोणालाच काही आठवत नाही. हे काम संगणकावर सोपवा.

बिल ईमेलवर येते म्हणजे काम झाले, असे समजू नका. ते अजून नुसते पानच आहे. हवी आहे ती रकान्यांत मांडलेली फाइल. सगळ्या ग्राहक क्रमांकांची यादी देऊन वीज कंपनीच्या कार्यालयाकडे लेखी मागणी करा. फाइल मिळाली नाही तर मूळ पीडीएफमधून आकडे उचलणारे सॉफ्टवेअर वापरा. मात्र मोबाइलवर काढलेल्या बिलाच्या फोटोवर विसंबू नका, त्यात ३ चा ८ सहज होतो. टॅलीप्राइमच्या अलीकडच्या आवृत्त्यांत एक्सेलमधून व्हाउचर थेट आत घेता येतात.

एक्सेलमध्ये ग्राहक क्रमांकाचा रकाना आधीच 'टेक्स्ट' करून ठेवा. नाहीतर सुरुवातीची शून्ये गळतात आणि लांब आकडा भलत्याच रूपात दिसू लागतो. तारखांचेही तसेच. ०४-०५ म्हणजे ४ मे की ५ एप्रिल, हे संगणक त्याच्या सेटिंगप्रमाणे ठरवतो.

सगळ्यात जास्त काळजी रकमेची घ्या. बिलावर एकच रक्कम नसते. लवकर भरल्यास एक, देय तारखेपर्यंत दुसरी आणि त्यानंतर भरल्यास विलंब आकारासह तिसरी असते. शिवाय मागची थकबाकी एकूण रकमेत मिसळलेली असते. ती एकूण रक्कम दर महिन्याला खर्च म्हणून आत घेतली तर तोच खर्च दोनदा पडतो. म्हणून चालू महिन्याचे देयक आणि थकबाकी यांचे रकाने वेगळे ठेवा. अतिरिक्त सुरक्षा ठेवीचे बिल वेगळे येते. ती रक्कम संस्थेची ठेव आहे, खर्चात टाकू नका. तिच्यावरचे व्याज बिलातून वजा होते तेव्हा तेही स्वतंत्र नोंदवा.

रुपयांबरोबर मागील रीडिंग, चालू रीडिंग, गुणक अवयव, युनिट आणि रीडिंगचा शेरासुद्धा आत घ्या. माझ्या मते खरा फायदा इथेच आहे. मीटर नादुरुस्त किंवा घर बंद असा शेरा असेल तर बिल बहुधा सरासरीने आलेले असते, आणि नुसती रक्कम पाहून ते कळत नाही. पंपाची युनिट अचानक वाढली तर टाकी वाहते आहे का, जमिनीखाली पाइप फुटला आहे का, हे त्याच आठवड्यात पाहता येते. टायपिंगमध्ये जाणारा लेखनिकाचा वेळ या तपासणीला द्या.

ग्राहक क्रमांक आणि बिलाचा महिना ही जोडी दुसऱ्यांदा आली तर सॉफ्टवेअरने नोंद अडवली पाहिजे, एवढे पुरवठादाराकडून आधी करून घ्या. पहिला महिना जुन्या पद्धतीने आणि नव्या पद्धतीने असे दोन्हीकडे नोंदवा, बेरजा जुळवा. मूळ बिलाची पीडीएफ प्रत नोंदीला जोडून ठेवा. मागच्या वर्षांची बिले आत घेण्याचा हट्ट आत्ताच नको. चालू महिन्याच्या बिलांपासून सुरुवात करा.