सुट्टी आली, पण आपले बेट कोणी पाहिले?

गेल्या जुलैत एका रविवारी फ्लिक-आन-फ्लाकच्या सुरूच्या झाडांखाली आम्ही घरच्या मंडळींसह चटई टाकून बसलो होतो. जवळून एक जोडपे चालले होते. बाई म्हणाल्या, "अहो, जरा थांबा की, चपलेत वाळू गेली." आमच्या आईने मान वर केली. डबा बाजूला ठेवून तिने विचारले, "कुठनं आलात बाई?"

पाहुणे साताऱ्याचे निघाले. सहा दिवस ते या बेटावर होते आणि दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांचे विमान होते. मराठी बोलणारी माणसे येथे पिढ्यान् पिढ्या राहतात, हे त्यांना त्या क्षणापर्यंत कोणीही सांगितले नव्हते. ना ज्यांनी सहल आखली त्यांनी, ना हॉटेलने, ना मोटार चालविणाऱ्याने. बाईंचे डोळे भरून आले. आईने त्यांना आपल्या शेजारी बसवून घेतले, वडे वाढले, घरची चौकशी केली. तेवढ्यात ते गृहस्थ आमच्याकडे वळून म्हणाले, "गुरुजी, उद्याची सकाळ मोकळी आहे. काय पाहावे ते तुम्ही सांगा."

आम्ही म्हटले, शामारेलची सात रंगांची माती. ती पाहून झाली होती. गंगा तलाव? तोही झाला. होडीतून इल-ओ-सेर्फ? परवाच जाऊन आले होते. आणि वाचकहो, येथे आमची यादी संपली. वीस वर्षांहून अधिक काळ मुलांना शिकविणाऱ्या, याच मातीत जन्मलेल्या माणसाची यादी हॉटेलच्या छापील कागदापाशी येऊन थांबली. पाहुणे हसून "बरं, राहू दे" म्हणाले. आम्हांला मात्र त्या रात्री नीट झोप आली नाही.

पुढच्या आठवड्यात वर्गात मुलांना हात वर करायला सांगितले. विमानतळ कोणी पाहिला आहे? सगळे हात वर. मोठ्या बाजारसंकुलात कोण गेले आहे? पुन्हा सगळे. आप्रवासी घाटावर? पाच-सहा हात, आणि तेही शाळेने नेले म्हणून. ब्लॅक रिव्हरच्या अरण्यात पायी कोण चालले आहे? दोन. इल-ओ-एग्रेतवर? एकही नाही. डोडो पक्ष्याचे चित्र प्रत्येकाला काढता येते. पण जो गुलाबी पारवा आज जिवंत आहे, तो कोणीही पाहिलेला नव्हता.

आता डिसेंबरची सुट्टी तोंडावर आली आहे. ज्यांना परवडते ते रेयुनियनला किंवा भारतात जातील, अवश्य जावे. बाकीच्यांची सुट्टी घरातल्या पडद्यासमोर जाईल. हे बेट सुमारे 65 किलोमीटर लांब आणि 45 किलोमीटर रुंद. सकाळी निघून कोणत्याही टोकाला जावे आणि दिवेलागणीला घरी यावे, एवढेच. आजा-आजींना तर 2005 पासून बसचा प्रवास मोफत आहे. मग अडते कोठे? आम्हांला वाटते, आपण मनाशी ठरवूनच टाकले आहे की पाहण्याचे काम पाहुण्यांचे आणि दाखविण्याचे काम हॉटेलांचे.

सुरुवात पोर्ट लुईपासून करावी. बंदरावरच्या आप्रवासी घाटाचे बांधकाम 1849 सालचे आहे. त्याच्या आधी, 2 नोव्हेंबर 1834 रोजी, 'अ‍ॅटलस' जहाजातून पहिले 36 मजूर उतरले. पुढे 1920 पर्यंत जवळजवळ पाच लाख माणसे या बंदरातून आली. त्यांत मुंबईच्या बंदरावरून निघालेले आपले पूर्वजही होते. मूळ इमारतीचा थोडाच भाग आज उरला आहे. धक्क्यापासून वर जाणाऱ्या दगडी पायऱ्या आहेत, न्हाणीच्या व शौचकूपांच्या जागा आहेत, जेथे माणसे रात्र काढीत ती जागा आहे. 2006 मध्ये युनेस्कोने तिला जागतिक वारशाचा मान दिला. पायऱ्या सोळाच आहेत, मुले त्या एका दमात मोजतात आणि विचारतात, "एवढेच?" त्या वेळी त्यांना घाईने पुढे नेऊ नये. शेजारच्या संग्रहालयात आधी जावे, मग पुन्हा पायऱ्यांपाशी यावे. आम्ही एकदा असे करून पाहिले. दुसऱ्या खेपेस एका मुलीने विचारले, "पहिल्या पायरीवर पाय ठेवताना त्यांना माहीत होते का, परत जाता येणार नाही म्हणून?" आम्हांला उत्तर देता आले नाही.

तेथून मोकाला महात्मा गांधी संस्थेत जावे. मजुरांच्या आगमनाची दफ्तरे तेथे जतन केलेली आहेत. नाव, वय, गाव, जहाज, क्रमांक, आणि कित्येकांची छायाचित्रेसुद्धा. घरातले जुने जन्माचे व लग्नाचे दाखले बरोबर असावेत, कारण नुसत्या नावावर शोध लागणे कठीण. गोऱ्या कारकुनाने कानाला ऐकू आले तसे लिहिले. त्यामुळे एकाच आज्याचे नाव तीन कागदांवर तीन प्रकारचे असते. आमच्या एका नातलगाच्या घरी अशी एक प्रत चौकटीत घालून देवघराशेजारी टांगलेली आहे. तिच्यावरचे गाव रत्नागिरी जिल्ह्यातले आहे, पण नकाशावर ते अजून आम्हांला सापडलेले नाही.

मग पश्चिमेची वाट धरावी. आम्हां मराठी घरांची ही खरी वाट. वाटेत कास्कावेल लागते. तेथील देवळात थोडे टेकावे. 1896 मध्ये आँरिएता येथे भिवाजी कुटुंबाने पहिला गणेशोत्सव केला असे सांगितले जाते, आणि आज चतुर्थीला साऱ्या देशाला सुट्टी असते. इतके मोठे फळ इतक्या लहान घरातून आले, ही गोष्ट मुलांना देवळाच्या ओट्यावर बसवून सांगावी. वर्गात सांगितली तर ती परीक्षेपुरती राहते.

पुढे तामारें, ब्लॅक रिव्हर, काज नोयाल, आणि वळणावळणाने वर शामारेल. सात रंगांच्या मातीपुढे पाहुण्यांच्या बसगाड्या पंधरा मिनिटे थांबतात. आमचे म्हणणे, तासभर थांबावे. हे रंग कोणी ओतलेले नाहीत. ज्वालामुखीचा काळा दगड हजारो वर्षे पावसात कुजून त्याची माती झाली. लोखंडाच्या अंशाने तांबडे-तपकिरी रंग आले आणि अ‍ॅल्युमिनियमच्या अंशाने निळसर-जांभळे. ढग सरकला की टेकड्यांचा रंग बदलतो. त्यासाठीच तास हवा. आत जायला पैसे पडतात, ही मोठ्या कुटुंबांची अडचण आहे. ज्यांना ते जड वाटेल त्यांनी क्यूरपिपचे त्रू-ओ-सेर्फ गाठावे. निद्रिस्त ज्वालामुखीचे ते तोंड, काठावरून भोवतीचे सारे डोंगर दिसतात, आणि तेथे तिकीट नाही.

शामारेलहून खाली उतरले की समोर ल मोर्न ब्राबां हा डोंगर, 556 मीटर उंच. मालकांपासून पळालेले गुलाम याच्या कड्याकपारींत लपत. 1 फेब्रुवारी 1835 रोजी गुलामगिरी संपली. मुक्तीची बातमी सांगायला आलेल्या शिपायांना पाहून, हे आपल्याला धरायला आले असे समजून लपलेल्यांनी कड्यावरून उड्या टाकल्या, असे लोक सांगत आले आहेत. 2008 पासून ही जागाही जागतिक वारसा आहे. आपल्यातले काही जण म्हणतात, "तो त्यांचा डोंगर, घाट आपला." हे आम्हांला बरे वाटत नाही. ज्या उसात आपले आजे वाकले, त्याच उसात त्यांच्याआधी हे लोक वाकले होते. दोन्ही जागा एकाच सुट्टीत पाहाव्यात.

अरण्याबद्दल थोडे. ब्लॅक रिव्हर गॉर्जेसचे राष्ट्रीय उद्यान 1994 मध्ये झाले. बेटावरचे सर्वांत उंच शिखर, 828 मीटरचे, तेथेच आहे. 1974 मध्ये मॉरिशसचा ससाणा रानात अवघा चार उरला होता. जगात त्याच्याहून दुर्मिळ पक्षी नव्हता. गुलाबी पारवाही 1990 च्या सुमारास दहाएकावर आला होता. कार्ल जोन्स आणि त्यांच्या सोबत्यांनी अंडी उबवून, पिले वाढवून हे दोन्ही पक्षी वाचवले. आज माएबूर्गजवळच्या इल-ओ-एग्रेतवर गुलाबी पारवा झाडावर बसलेला दिसतो. एक पक्षी आपण हरवला, दोन वाचवले. मुलांना फक्त हरवलेलाच का ठाऊक असावा?

त्याच किनाऱ्यावर 25 जुलै 2020 रोजी 'वाकाशियो' हे जहाज प्रवाळाच्या खडकावर चढले आणि पुढे हजारएक टन तेल समुद्रात गेले. तेव्हा गावोगावच्या माणसांनी उसाची वाळलेली पाने कापडात भरून, शिवून, लांबच लांब बांध तयार केले व पाण्यात सोडले. आमच्या ओळखीच्या घरांतल्या मुलींनी हातांना फोड येईपर्यंत सुई चालवली. त्या मुलींना तो किनारा आता कोणी दाखवावा लागत नाही. माएबूर्गला सोमवारी गेले तर बाजारही भरलेला मिळेल.

समुद्राविषयी मात्र कडक बोलावे लागेल. प्रवाळाच्या भिंतीआतले पाणी शांत असते म्हणून सगळीकडचे पाणी शांत समजू नये. दक्षिणेला सुयाकजवळ ग्री-ग्री येथे भिंत नाही. तेथे लाटा पाहाव्यात, पाण्यात पाय घालू नये. खडकाळ जागी रबरी चपला घालूनच उतरावे, कारण दगडासारखा दिसणारा विषारी मासा दगडासारखाच स्वस्थ पडून असतो. प्रवाळ मोडून घरी आणू नये. पूर्वी आपल्याच लोकांनी किनाऱ्याच्या आतली वाळू होड्या भरभरून काढली. पोटासाठी काढली, हे खरे. पण 2001 पासून ते बंद झाले, ते योग्यच झाले.

डिसेंबरात दुपारचा सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, तेव्हा दहा ते तीन सावलीत असावे. नोव्हेंबर ते एप्रिल वादळांचे दिवस. 15 जानेवारी 2024 रोजी 'बेलाल' आले तेव्हा पोर्ट लुईच्या रस्त्यांत मोटारी तरंगत होत्या. आकाश काळे झाले आणि सूचना निघाली की ठरलेली सहल सोडून द्यावी. डबा घरीच खाल्ला तरी चविष्टच लागतो.

भारतातून पाहुणे येणार असतील तर त्यांना आधीच कळवावे. येथे जुलै हा हिवाळा आहे; क्यूरपिपला पातळ सदऱ्यावर आलेला मुंबईकर कुडकुडतो. घड्याळ दीड तास मागे लावावे. पैशालाही रुपयाच म्हणतात, पण तो रुपया वेगळा. बाजारात एखादी दालपुरी व गातो पिमां अवश्य खाऊ घालावे. गातो पिमां पाहून बहुतेक मराठी पाहुणे "हा तर डाळवडा!" म्हणतात, म्हणू द्यावे, वाद घालू नये.

एक गोष्ट जरा टोचणारी आहे. भरतीच्या रेषेपर्यंतचा किनारा सर्वांचा आहे, हॉटेलसमोरचासुद्धा. तरी आपली माणसे तेथून चालताना अंग चोरून चालतात, जणू कोणाच्या अंगणात शिरली आहेत. आमच्या माजी विद्यार्थ्यांपैकी कितीतरी जण हॉटेलांत काम करतात. त्यांना इंग्रजी येते, फ्रेंच येते, पाहुण्यांपुढे सेगाचा नाच चालू असता सेगाची माहितीही सांगता येते. पण "तुम्ही कोण, येथे कसे आलात?" असे कोणी विचारले, की गणपतीत झाकरीच्या फेरात रात्रभर नाचणारा तोच मुलगा खांदे उडवतो. दोष त्याचा नाही. त्याला ते कोणी दाखवले नाही, आणि दाखवणाऱ्यांत आम्हीही होतो.

साताऱ्याच्या त्या पाहुण्यांना आम्ही अखेर दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता आप्रवासी घाटावर नेले. दार उघडायचे होते. बाहेरच्या रस्त्यावरूनच त्यांनी हात जोडले आणि ते विमानतळाकडे गेले. उघडण्याची वेळसुद्धा आम्हांला ठाऊक नव्हती! तेव्हा वाचकहो, निघण्यापूर्वी दूरध्वनी करून वेळ विचारावी.

या सुट्टीत ज्या मुलांनी आपल्या बेटावरची पूर्वी न पाहिलेली एक जागा आजा-आजींबरोबर पाहिली असेल, त्यांनी तिच्याविषयी दहा ओळी मराठीत लिहून या पानाकडे पाठवाव्यात. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका आम्ही सुधारून घेऊ. आई-बापांनी लिहून देऊ नये. ते आम्हांला लगेच ओळखू येते.