पोलादाहून मजबूत, पण पाना पडल्यावर?

देशातल्या एखाद्या प्रयोगशाळेने कार्बन तंतूंचा नवा भाग तयार केला, की बातमीत एक वाक्य ठरलेले असते : ‘पोलादापेक्षा कितीतरी पट मजबूत आणि वजनाने हलका.’ वाक्य खोटे नाही, अर्धे आहे. ही मजबुती तंतूंच्या दिशेने ओढल्यावरची, आणि तीही कोऱ्या तुकड्याची. विमानाचा पंख कोरा राहत नाही. त्यावर पाना पडतो, धावपट्टीवरचा खडा आदळतो.

धातूच्या पत्र्याला पोचा पडतो आणि तो पोचाच चुगली करतो. कार्बन कंपोझिट मात्र आतून उलते. थर एकमेकांपासून सुटतात, तडे मागच्या बाजूकडे पसरत जातात, आणि वर रंगावर जेमतेम ओरखडा. असा भाग ओढला तर बराचसा टिकतो. दाबला की सुटलेले थर एकेकटे वाकतात. साधे गणित पाहावे. पट्टीचा वाकण्याला होणारा विरोध जाडीच्या घनाच्या प्रमाणात असतो. एका जाडीचे चार सारखे सुटे थर झाले, तर प्रत्येकाचा विरोध मूळच्या चौसष्टावा हिस्सा, चौघांचा मिळून सोळावा. आघातानंतर दाब सोसण्याची शक्ती निम्म्यावर येऊ शकते ती यामुळे.

अभियंत्यांना हे ठाऊक आहे. १०० बाय १५० मिलिमीटरच्या तुकड्यावर वजन टाकून मग तो दाबून मोडण्याची प्रमाणित चाचणी आहे. जेमतेम दिसणारी इजा असतानाही भागाने सेवेतल्या कमाल भाराच्या दीडपट भार पेलावा, असाच आराखडा केला जातो. तेजसच्या सांगाड्याच्या वजनात सुमारे ४५ टक्के कंपोझिट आहे, ते असल्या हिशेबांच्या बळावर. मग किती ज्यूलच्या आघातानंतर किती शक्ती उरली, हा आकडा बातमीत का नसतो? तो गाळून केवळ कोऱ्या तुकड्याची ताणशक्ती छापणे ही विज्ञानवार्ता नव्हे, जाहिरात होय. मडके घेणारी बाईसुद्धा ते वाजवून घेते. (हँगरमध्येही अल्ट्रासाउंडच्या जोडीला नाण्याने ठोकून बद्द आवाज ऐकण्याची पद्धत आहेच.)

नुकसान वाचकाच्या ज्ञानापुरते राहत नाही. वेगवान खड्याने भोक पडते आणि ते सापडते. सामानाच्या गाडीचा रबरी कठडा सावकाश पण जड धक्का देतो. कवच पूर्ववत होते, आतले आधार मोडलेले असू शकतात. त्या धक्क्याचा साक्षीदार बहुधा एकटा चालक. दंडाच्या भीतीने, किंवा ‘पोलादाहून मजबूत आहे, काय व्हायचे’ म्हणून तो गप्प बसला, तर पुढच्या नियोजित तपासणीपर्यंत विमान तसेच उडत राहते.