उन्हाने छापलेले शैवाल
ॲना ॲटकिन्स या इंग्रज वनस्पती-अभ्यासक विदुषीने १८४३ पासून भागाभागाने सिद्ध केलेला ब्रिटिश शैवालांचा ग्रंथ छायाचित्रांनी सजलेले जगातले पहिले पुस्तक मानला जातो, आणि कला व विज्ञान इतकी एकजीव झालेली पुस्तके विरळाच. लोहक्षारांचे द्रावण लावून वाळवलेल्या कागदावर शैवाल ठेवून तो उन्हात धरायचा व नंतर पाण्याने धुवायचा, म्हणजे ऊन लागलेला भाग गडद निळा होतो आणि शैवालाखालचा पांढरा राहतो. शास्त्रज्ञ जॉन हर्शेल यांनी १८४२ मध्ये शोधलेल्या या पद्धतीला सायनोटाइप, म्हणजे नीलमुद्रण, म्हणतात. याच पद्धतीने छापलेल्या ॲटकिन्स यांच्या ग्रंथात शैवालांचे केसासारखे बारीक तंतूही स्पष्ट उमटले आहेत, आणि विशेष म्हणजे मजकूरसुद्धा त्यांच्याच हस्ताक्षरात, त्याच निळाईत छापलेला आहे.