कपाळावरची आठी

इशाची अजान होते तेव्हा बाजारपेठेतली बरीच दुकाने उघडीच असतात. कुणी अर्धे शटर ओढून, कुणी हातगाडीवर ताडपत्री टाकून मशिदीकडे निघतो. वजू करून, म्हणजे हात-पाय-तोंड धुऊन, लोक रांगेत उभे राहतात. या रांगेला सफ म्हणतात. सफमध्ये रुमाल टाकून जागा धरण्याची रीत नाही. जो आधी येईल तो पुढे. त्यामुळे पोती उचलणारा हमाल पुढच्या सफमध्ये आणि त्याचा आडत्या मागच्या सफमध्ये, असे सहज घडते. गर्दी असली की सजद्यात आडत्याचे कपाळ हमालाच्या टाचांपासून वीतभर अंतरावर टेकते. रमजानमधल्या तरावीहच्या नमाजमध्ये हे रोज रात्री दिसते, आणि रोजचेच असल्यामुळे कुणाच्या लक्षातही येत नाही.

नाकासह कपाळ, दोन्ही तळवे, दोन्ही गुडघे आणि दोन्ही पायांची बोटे जमिनीला टेकली की सजदा होतो. ‘मस्जिद’ या शब्दाचा अर्थच सजदा करण्याची जागा. दिवसाच्या पाच नमाजांत १७ रकात फर्ज, म्हणजे अनिवार्य आहेत. प्रत्येक रकातमध्ये दोन सजदे धरले तर माणसाचे कपाळ दिवसातून किमान ३४ वेळा जमिनीला लागते. तरावीहच्या २० रकात पढणाऱ्यांचे आणखी ४० सजदे. बंदा आपल्या पालनकर्त्याच्या सर्वांत जवळ असतो तो सजद्यात, असे हजरत मुहम्मद पैगंबरांनी (स.) सांगितले आहे. जवळ जाण्यासाठी उंच चढायचे नाही, खाली यायचे आहे.

असा सजदा अल्लाहखेरीज कुणापुढेही नाही, ही इस्लामची मूळ शिकवण. ती माणसाला निर्भय करते हे खरे. पण ‘आम्ही फक्त अल्लाहपुढे झुकतो’ या वाक्यातला ‘फक्त’ कधी कधी जरा मोठ्यानेच उच्चारला जातो. मग झुकण्याचाच ताठा तयार होतो. वर्षानुवर्षे नमाज पढणाऱ्या काहींच्या कपाळावर काळसर घट्टा पडतो. सजद्याच्या खुणा चेहऱ्यावर असतात, असा उल्लेख कुरआनात आहे. तो वाचून अनेकांना हा घट्टाच आठवतो. मात्र मुजाहिद यांच्यासारख्या अगदी सुरुवातीच्या भाष्यकाराने त्या खुणेचा अर्थ त्वचेवरचा डाग असा नाही, तर स्वभावातली नम्रता असा लावला होता.

शरीराने जे झेपत नाही त्याची सवलत घेणे हीसुद्धा नम्रताच. आजारी आणि प्रवासी माणसाला रोजे नंतर पूर्ण करण्याची मुभा कुरआनानेच दिली आहे. ज्याला कधीच शक्य होणार नाही त्याने एका रोजाच्या बदल्यात एका गरिबाला जेवू घालावे. तरीही डॉक्टरांनी मनाई केलेले मधुमेही ‘लोक काय म्हणतील’ म्हणून उपाशी राहतात. त्यांचा तो रोजा नेमका कुणासाठी असतो?

कपाळाशी निगडित एक प्रसंग कुरआनाच्या ८०व्या सूरेत आहे. सूरेचे नावच ‘अबस’, म्हणजे ‘त्याने कपाळाला आठी घातली’. बहुसंख्य भाष्यकार सांगतात तो प्रसंग मक्केतला. पैगंबर कुरैशांच्या सरदारांशी बोलत होते. ही बडी मंडळी ऐकतील तर त्यांच्यामागून सारे शहर ऐकेल, अशी आशा होती. तेवढ्यात अब्दुल्लाह इब्ने उम्मे मकतूम हे अंध गृहस्थ आले आणि ‘मला शिकवा’ म्हणू लागले. महत्त्वाच्या बोलण्यात व्यत्यय आला. पैगंबरांच्या कपाळावर आठी उमटली आणि त्यांनी चेहरा दुसरीकडे वळवला.

एवढेच घडले. कठोर शब्द नाही, हाकलून देणे नाही. आणि ज्याच्यासाठी आठी पडली त्याला ती दिसलीही नव्हती. तो अंध होता. तरीही सूरेच्या पहिल्या दहा आयतींत त्या आठीची कानउघाडणी आली: जो बेपर्वा आहे त्याच्यामागे तुम्ही लागता आणि जो धावत तुमच्याकडे आला त्याच्याकडे दुर्लक्ष करता. आपल्या पैगंबरांना मिळालेली ही समज मुसलमान १४०० वर्षे नमाजमध्ये उभे राहून पढत आले आहेत. ती लपवावी असे कुणाला वाटले नाही.

पुढे मदिनेत इब्ने उम्मे मकतूम हे हजरत बिलाल यांच्याबरोबर मशिदीचे मुअज्जिन झाले. पैगंबर मोहिमेवर जात तेव्हा मदिनेची जबाबदारी अनेकदा त्यांच्यावर असे. रमजानशी त्यांचे नाते तर फारच जवळचे. बिलाल रात्र शिल्लक असतानाच अजान देत, म्हणून इब्ने उम्मे मकतूम यांची अजान होईपर्यंत खात-पीत राहा, असे पैगंबरांनी सांगून ठेवले होते. पहाट झाली हे लोक इब्ने उम्मे मकतूम यांना सांगत आणि मग ते अजान देत. म्हणजे साऱ्या मदिनेची सेहरी एका अंध माणसाच्या आवाजावर थांबत असे.

आता आपल्या गावांकडे. रमजान हा जकातचा महिना. वर्षभर शिल्लक राहिलेल्या संपत्तीतून शंभराला अडीच रुपये गरिबांसाठी काढायचे. कुरआन याला श्रीमंतांच्या संपत्तीतला गरजूंचा हक्क म्हणतो. आणि हा हक्क घेताना विधवा बाईला शिधाच्या पिशवीसह कॅमेऱ्याकडे बघायला लावले जाते. पिशवीवर देणाऱ्याचे नाव, मागे फलक, एका पिशवीला पाच हात लागलेले. देणगीदारांना हिशेब दाखवावा लागतो, इतरांना प्रेरणा मिळते, असे त्यावर सांगितले जाते. हिशेबाचा मुद्दा रास्त आहे आणि उघडपणे दान देणे कुरआनाने चुकीचे ठरवलेले नाही. गुपचूप दिलेले अधिक चांगले म्हटले आहे. पण हिशेब पावत्यांनी आणि पिशव्यांच्या संख्येने होतो. त्या बाईच्या चेहऱ्याची त्यात गरज कुठे येते? ती डोळे खाली घालून उभी असते आणि फोटोवाला ‘वर बघा’ म्हणतो. इथे आठी कुणाच्याच कपाळावर नसते, सगळे हसत असतात, तरी तिच्याकडे पाठ फिरवलेलीच असते.

दिखाव्यासाठी दिलेल्या दानाला कुरआनाने खडकाची उपमा दिली आहे. गुळगुळीत खडकावर मातीचा पातळ थर असतो. एक जोराचा पाऊस येतो आणि खडक उघडा पडतो. मराठी वाचकाला इथे ज्ञानेश्वरीचा तेरावा अध्याय आठवेल. गीतेने सांगितलेल्या ज्ञानाच्या लक्षणांत पहिले अमानित्व, दुसरे अदंभित्व. अदंभित्व समजावताना ज्ञानेश्वर शेतकऱ्याकडे वळतात: तो पेरलेले बी मातीने झाकतो, तसा हा माणूस आपले दानपुण्य झाकून ठेवतो. दोन्हीकडे माती आहे. एका ठिकाणी ती वाहून जाते, दुसऱ्या ठिकाणी बी पोटात घेते.

झाकून देण्याची वाट फिकहने, म्हणजे धर्मशास्त्राने, मोकळी ठेवलेली आहे. जकात देताना ‘ही जकात आहे’ असे घेणाऱ्याला सांगण्याची सक्ती नाही. देणाऱ्याच्या मनातली नियत पुरते. मुलांना ईदी म्हणून, शेजाऱ्याला भेट म्हणून दिली तरी ती अदा होते. अनेक घरांत आजही असेच चालते. फित्र्याचे पाकीट ईदच्या नमाजपूर्वी मुलाच्या हाती पाठवतात आणि दार उघडण्याआधी परत ये, असे त्याला बजावतात.

शेवटच्या दहा रात्रींसाठी मशिदींत एतेकाफला बसणाऱ्यांची नावे आता येऊ लागतील. वाटपाच्या याद्या तयार होत आहेत, शिधाच्या पिशव्या भरणे सुरू आहे. फलक छापायला मात्र अजून गेलेले नाहीत.