चादर विणण्यापूर्वी

सोलापुरी चादरीची नक्षी मागावर जन्मते, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः ती त्याआधी चौकटींच्या कागदावर ठरते आणि त्याही आधी कोणाच्या तरी मनात. डिझाइन शिकून पेढीवर परतलेली मुले या टप्प्याला संकल्पना म्हणतात व त्यासाठी पंधरा दिवस मागतात. वडीलधाऱ्यांना तो काळ रिकामा वाटतो. जॅकार्डचे गणित पाहिले की तसे वाटत नाही.

फ्रान्समधील लिआँ शहरात जोसेफ मारी जॅकार्ड याने 1804 च्या सुमारास छिद्रांच्या पुठ्ठ्यांनी उभे धागे उचलण्याची यंत्रणा सिद्ध केली. कागदावरील प्रत्येक चौकट म्हणजे उभ्या व आडव्या धाग्याची भेट. इंचात 40 उभे आणि 30 आडवे धागे असतील, तर साध्या चौरस कागदावर 40 चौकटींचे काढलेले वर्तुळ कापडावर रुंदीला एक इंच आणि उंचीला सव्वा इंचाहून अधिक भरते. मोराच्या पिसाऱ्यातील डोळा अंड्यासारखा लांबट होतो! पुठ्ठे पाडून झाल्यावर हे उमगले, तर मजुरी, सूत आणि मागाचा खाडा पेढीच्या खात्यावर पडतो. आता आलेखन संगणकावर होते. चौकटीचे गणित मात्र तेच आहे. शिवाय चादर दोन्ही बाजूंनी वापरली जाते. एका बाजूला पांढऱ्यावर लाल फूल, तर दुसरीकडे लालवर पांढरे. इकडे उठून दिसणारी नाजूक रेघ तिकडे बुडू शकते.

परंतु नक्षी हा संकल्पनेचा उत्तरार्ध झाला. चार्ल्स व रे ईम्स या अमेरिकन दांपत्याने 1958 मध्ये भारत सरकारला एक अहवाल दिला. त्यातून 1961 साली अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली. गिरणीमालक घराण्यातील गौतम व गिरा साराभाई या भावंडांचा त्यात मोठा वाटा होता. उत्तम रचनेचा दाखला म्हणून अहवालाने निवडला तो आपला साधा तांब्या. त्यात पाणी किती मावावे, तो डोक्यावरून न्यायचा की कमरेवर, भरलेला व रिकामा असता तोल कसा राहतो, तोंडातून घासता येतो का, किंमत किती, असे प्रश्न त्यांनी मांडले.

चादरीलाही हेच प्रश्न लागू पडतात. ती वसतिगृहातील मुलगा पांघरणार की लग्नात आहेर म्हणून जाणार? मुंबईच्या पावसाळ्यात ती किती दिवसांत वाळेल? याची उत्तरे गल्ल्यावर बसणाऱ्याकडे असतात. कोणता रंग पडून राहिला, कोणती चादर पहिल्या धुण्यानंतर परत आली, हे त्यालाच ठाऊक. मुलाने मागितलेल्या पंधरापैकी आठ दिवस गल्ल्याशेजारी काढावेत आणि वडिलांनी त्या काळात ‘आपल्याकडे असे चालत नाही’ हे वाक्य आवरावे. (दुसरी गोष्ट अधिक अवघड.)

एक व्यवहाराची बाब. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन मिळाल्याने नाव संरक्षित झाले; एखाद्या पेढीची नवी नक्षी त्यामुळे संरक्षित होत नाही. त्यासाठी डिझाइन कायदा, 2000 अन्वये स्वतंत्र नोंदणी लागते. ती 10 वर्षे टिकते व पुढे 5 वर्षे वाढवता येते. मात्र नमुना नवा, म्हणजे आधी कोठेही प्रसिद्ध न झालेला असावा लागतो. तेव्हा पहिली चादर उतरताच तिचे छायाचित्र ग्राहकांना धाडण्याचा मोह, अर्ज दाखल होईपर्यंत, टाळलेला बरा.